मातीतले बिनपगारी मजूर आणि शहराचा कचरा



जिल्हा बैठकीपुढे कापसाचा भाव आहे, ज्वारीच्या खरेदीचा प्रश्न आहे, पीक विम्याचे रडगाणे आहे. हे विषय सोडून संपादकीयात मातीतल्या किड्या-जिवाणूंची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. पण गेल्या काही हंगामांत गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो. शहराच्या कचऱ्याचे खत स्वस्तात मिळते, कधी कधी वाहतुकीच्या खर्चातच बांधावर येऊन पडते, ते घ्यावे की नाही? विद्युत केंद्राची राख, कोंबडखत, नाल्याचा गाळ यांच्याबद्दलही हेच विचारले जाते. स्वस्त ते खत, एवढ्यावर उत्तर देऊन चालणार नाही. हिशेब मांडावा लागेल, आणि त्या हिशेबाच्या एका बाजूला धातू आहेत व दुसऱ्या बाजूला मातीतले जीव.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरी सालगडी ठेवण्याची ऐपत राहिलेली नाही. पण त्याच्या जमिनीत कोट्यवधी मजूर आजही बिनपगारी राबतात. चिमूटभर मातीत मावतील एवढे जिवाणू मोजायला घेतले तर आकडा कोटींच्या घरात जातो. पऱ्हाटीची मुळे, ज्वारीची धसकटे, तुरीचा पालापाचोळा कुजवायचा तो यांनीच. तुरी-मुगाच्या मुळांवर गाठी करून हवेतले नत्र जमिनीत ओढायचे तेही यांनीच. आणि ज्यांना वाटते की आपण युरिया टाकतो म्हणजे या मजुरांची गरज संपली, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की युरियाची गोणीही यांच्याच हातून पिकाला मिळते. मातीतल्या विकरांनी युरिया फोडून त्याचा अमोनिया केला आणि पुढे दुसऱ्या जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले, तेव्हा ते नत्र बहुतांशी पिकाच्या उपयोगी पडते. मजूर संपावर गेले तर विकत आणलेला मालही गोदामात पडून राहावा, असा हा प्रकार आहे.

या मजुरांवर धातूंचा काय परिणाम होतो, हे सांगायला आपल्याकडे उदाहरणे नाहीत असे नाही. पण सर्वांत पक्का, वर्षानुवर्षे मोजलेला दाखला इंग्लंडातला आहे. तो नीट सांगितला पाहिजे, कारण त्यात आपले भविष्य वाचता येते.

इंग्लंडात रोथामस्टेड नावाचे शेती संशोधन केंद्र आहे. १८४३ पासून चालू आहे. त्यांचे एक प्रक्षेत्र वोबर्न येथे हलक्या, वाळूमिश्रित जमिनीवर आहे. १९४२ साली, महायुद्धाच्या टंचाईच्या काळात, तेथे भाजीपाल्यावर एक प्रयोग सुरू झाला. काही वाफ्यांना शेणखत, काहींना लंडनच्या मैल्याचा गाळ आणि त्याचे कंपोस्ट, काहींना नुसतेच रासायनिक खत. हेतू चांगला होता. जमिनीत सेंद्रिय माल वाढावा, शहराची घाण कामी यावी. आजच्या कचरा-खताच्या जाहिरातीत जे लिहिलेले असते तेच. १९६१ साली गाळ टाकणे बंद झाले. त्यानंतर त्या वाफ्यांत एक पाटीही गाळ पडला नाही.

मैल्याच्या गाळात नुसती विष्ठा नव्हती. शहराच्या गटारात कारखान्यांचे पाणीही येते. त्या गाळाबरोबर जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम असे धातू वाफ्यांत उतरले. गाळ थांबून वीस वर्षे उलटल्यावर, १९८० नंतर, फिलिप ब्रूक्स, स्टीव्ह मॅक्ग्रा, केन गिलर या शास्त्रज्ञांनी ते वाफे पुन्हा तपासायला घेतले. गाळातून आलेले बहुतेक धातू नांगराच्या थरातच बसलेले होते. जे थोडे हलले होते ते मुख्यतः नांगर-कुळवाबरोबर शेजारच्या वाफ्यात सरकले होते. पावसाने धुतले नाहीत, पिकाने उचलले नाहीत, उन्हाने जळले नाहीत.

मग त्यांनी मातीतले जीव मोजले. याची एक युक्ती याच केंद्रात १९७६ साली निघाली होती. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, आतले सगळे जीव मारायचे, आणि त्यांच्या मढ्यांतून किती कर्ब निघतो ते मोजायचे. १९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गाळाच्या वाफ्यांत जिवंत मालाचे वजन शेणखताच्या वाफ्यांच्या मानाने सुमारे निम्मे होते. हे गाळ बंद झाल्यावर वीस वर्षांनी! आणखी एक विचित्र गोष्ट. उरलेले निम्मे जीव श्वास मात्र जास्त घेत होते. म्हणजे खाणे तेवढेच किंवा जास्त, पण अंगाला लागत नाही. धातूच्या विषाशी झगडून जिवंत राहण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडत होती, वाढायला आणि काम करायला उरत नव्हती. कर्जाच्या व्याजातच ज्याची कमाई जाते त्याची अवस्था काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. त्या वाफ्यांत त्यांनी पांढरा क्लोव्हर पेरला. हे बरसीमच्या कुळातले चाऱ्याचे पीक, मुळांवर गाठी येणारे. शेणखताच्या वाफ्यात ते हिरवेगार वाढले. गाळाच्या वाफ्यात पिवळे, खुरटे. धातूने पीक मारले असे कोणीही म्हटले असते. पण त्याच मातीत वरून नत्र दिले तर क्लोव्हर चांगला वाढला. म्हणजे विष पिकाला लागले नव्हते. मुळे उपटून पाहिली तेव्हा गाठी होत्या, पण बारीक आणि पांढऱ्या. त्या गाठींत नत्र बांधले जातच नव्हते. पुढे १९८९ साली उलगडा झाला. नत्र बांधणाऱ्या रायझोबियमच्या चांगल्या जाती त्या मातीतून नाहीशा झाल्या होत्या. एकच जात तगून राहिली होती, आणि ती मुळावर गाठ करायची पण काम शून्य. खायला हजर, कामाला गैरहजर. बाहेरून चांगले जिवाणू आणून त्या मातीत मिसळले, तर तेही टिकले नाहीत.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाठीच्या आत असतो तोवर जिवाणू सुरक्षित असतो, झाड त्याला घर आणि साखर देते. पीक निघाले, गाठ कुजली, की तो उघड्या मातीत येतो. पुढच्या पिकापर्यंतचे दिवस त्याला तिथेच काढायचे असतात, आणि तिथेच धातू त्याला गाठतो. आपल्या कोरडवाहू शेतात तूर निघाल्यापासून पुढच्या मृगापर्यंत जमीन उघडी, तापलेली असते आणि त्याच तासात तूर पुन्हा येईपर्यंत एक-दोन वर्षे जातात. मुळात इतके हाल सोसणाऱ्या जीवावर आणखी विषाचे ओझे घालावे काय, हा प्रश्न आहे.

आणखी एक बाब. यातले जस्ताचे नुकसान कायद्याने चालणाऱ्या प्रमाणाच्या आसपासही दिसत होते. युरोपीय समुदायाने १९८६ साली मैल्याच्या गाळाबद्दल नियम केला तेव्हा मातीत किलोला १५० ते ३०० मिलिग्रॅम जस्त चालेल असे ठरवले. ती मर्यादा प्रामुख्याने पिकाचा आणि माणसाचा विचार करून घातलेली. जिवाणूंना कोणी विचारले नव्हते. वोबर्नच्या निकालानंतर ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात तज्ज्ञांच्या सल्ल्याने बहुतेक जमिनींसाठी जस्ताची मर्यादा ३०० वरून २०० वर आणण्याची शिफारस झाली. दोष जस्ताचा अधिक की कॅडमियमचा यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. तो त्यांनी करावा. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच गोणीतून येतात.

याच वाटेने फार पुढे गेले तर काय होते तेही जगाने पाहिले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पामर्टन गावी १८९८ पासून १९८० पर्यंत जस्त गाळण्याची भट्टी चालली. शेजारच्या डोंगरावर धातूची धूळ बसत गेली. झाडे मेलीच, पण पडलेली पाने आणि लाकूडही वर्षानुवर्षे कुजेना. कुजवणारेच उरले नव्हते. आपल्या शेतावर अशी वेळ येणार नाही. तेवढे धातू आपल्याकडे येत नाहीत.

कारण खरे बोलायचे तर आपल्या काळ्या जमिनीची रड उलटी आहे. तिच्यात जस्त कमी पडते. उपलब्ध जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेले की जमीन जस्ताला भुकेली समजतात आणि हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट टाका असे सांगतात. ते चूक नाही. जस्त आणि तांबे ही पिकाची आणि जिवाणूंचीही गरज आहे, मीठ जशी आपली. भाकरीला चिमूटभर हवे आणि मूठभर झाले तर घास उतरत नाही. शिसे, कॅडमियम, पारा यांचे मात्र पिकाशी वा या मजुरांशी काही देणेघेणे नाही. ते आले तर त्रासच.

काळ्या जमिनीचे आणखी एक भाग्य आहे. तिची चिकणमाती आणि चुनखडी धातूला घट्ट धरून ठेवते. वोबर्नच्या हलक्या जमिनीत जेवढा धातू जिवाणूला बाधला तेवढा आपल्या भारी रानात लगेच बाधणार नाही. माळाच्या हलक्या, मुरमाड तुकड्यांना मात्र हे कवच पातळ आहे, आणि कोकणातल्या आंबट लाल मातीत धातू अधिक मोकळा फिरतो. पण धरून ठेवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. सावकाराच्या वहीतली बाकीही वर्षानुवर्षे गप्पच असते.

आता हिशेब. एक हेक्टर जमिनीचा वरचा वीतभर थर साधारण २० लाख किलो भरतो. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टमध्ये किलोला जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम जस्त, ३०० तांबे, १०० शिसे, ५० निकेल, ५० क्रोमियम, ५ कॅडमियम अशी मर्यादा घातली आहे. मर्यादेला टेकलेले खत हेक्टरी ५ टन टाकले तर ५ किलो जस्त आणि अर्धा किलो शिसे शेतात पडते. २५ किलो झिंक सल्फेटमध्येही जस्त पाच किलोच्या थोडे वरच असते. म्हणजे नियमात बसणारे खत एखाद्या वर्षी टाकले म्हणून जमीन मरत नाही. विनाकारण भीती पसरवणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला बसायचे नाही.

पण खत नियमात बसते का? भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २९ शहरांच्या कचरा-कंपोस्टचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. ओला कचरा घरापासूनच वेगळा करून केलेल्या खतात धातू कमी होते. सगळा कचरा एकत्र कुजवून मग चाळलेल्या खतात ते बरेच जास्त होते. यात नवल काय? एकाच ढिगात भाजीचे देठ, टॉर्चचे सेल, मोबाइलच्या बॅटऱ्या, फुटक्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे, तारांचे तुकडे. चाळणी प्लॅस्टिक अडवते, धातू अडवत नाही. उलट कचरा कुजून वजनाने घटतो तसा धातू उरलेल्या खतात दाटत जातो. २०१६ साली केंद्र सरकारने शहरी कंपोस्ट खपावे म्हणून टनामागे १५०० रुपये साहाय्य जाहीर केले. शहराचा उकिरडा रिकामा होण्याला किंमत मिळाली. ज्याच्या जमिनीत तो रिता व्हायचा, त्याच्या जमिनीचे काय, याची किंमत कोणी काढली नाही.

संत्र्यावाल्या भावांनी या ठिकाणी स्वतःकडेही पाहावे. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. हेक्टरी १००० लिटर फवारले तर १० किलो मोरचूद, त्यात तांबे अडीच किलो. वर्षाला दोन फवारण्या म्हणजे ५ किलो. युरोपात द्राक्षबागांत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हेच मिश्रण मारले गेले आणि मातीत तांबे साचले. तेव्हा २०१८ च्या नियमाने त्यांनी सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलोची मर्यादा घातली. बाग मोडून त्याच जागी तूर-कापूस घ्यायचा विचार असेल तर हे तांबे तिथेच असणार आहे. कोंबडखताचेही तसेच. कोंबड्यांच्या खाद्यात तांबे-जस्त मिसळतात, त्यातले बरेचसे विष्ठेतून बाहेर पडते. एखाद्या वर्षी हरकत नाही. दरवर्षी त्याच वावरात ट्रॉल्या ओतणे वेगळे.

राखेबद्दल थोडक्यात. कोळशाच्या राखेत धातू असतात, प्रमाण कोळशागणिक बदलते. थोडी राख मातीला सोसते, जास्त झाली की मातीतल्या जीवांचा श्वास मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटून राख शेतांत आणि नदीत गेली. तिथे कोणी शेतकऱ्याला किती टन हवी म्हणून विचारले नव्हते.

सरकार म्हणेल, मृदा आरोग्य पत्रिका आहे ना! २०१५ पासून ती वाटली जात आहे. त्या कागदावर बारा गोष्टी असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. जस्त-तांबे मोजतात ते कमी पडते काय हे पाहायला. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा त्यात नाहीत. आणि जिवाणू किती, जिवंत आहेत की नाहीत, याचा रकानाच नाही. ज्या पत्रिकेत जीवच मोजला जात नाही तिला आरोग्य पत्रिका म्हणण्याचे धाडस सरकारी खातीच करू जाणे.

म्हणून बैठकीपुढे ठरावासाठी आमचे म्हणणे असे. शहराचे खत असो वा राख, विकणाऱ्याने प्रत्येक खेपेचा धातूंचा प्रयोगशाळेचा दाखला गावात दाखवल्याशिवाय गोणी उतरवू देऊ नये. मिश्र कचऱ्याचे खत अन्नधान्याच्या आणि द्विदल पिकांच्या शेतात घेऊ नये. सांडपाण्याच्या नाल्याकाठी ज्यांची शेते आहेत त्यांच्या मातीची धातू-तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च भरावा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात लागू केले आहे. तिथे कारखान्यांच्या घाणीने विहिरी आणि जमिनी नासल्या होत्या. तेव्हा शेतकऱ्याने नवे काही मागितले असे होत नाही. आणि हे सगळे आधी झाले पाहिजे, कारण जमिनीत उतरलेला धातू काढण्याचा स्वस्त उपाय कोणाकडे नाही. मोहरीसारखी पिके धातू उचलतात हे खरे, पण त्याला पिढ्या लागतील, आणि ते पीक मग टाकायचे कुठे? चांगल्या शेणखताने धातूची धार बोथट होते, धातू जात नाही.

नत्राच्या भाषेत हे किती रुपयांचे प्रकरण आहे? चांगल्या पावसाच्या वर्षी तुरीचे पीक हेक्टरी दोन-तीन गोण्या युरियाच्या तोलाचे नत्र हवेतून सहज बांधते. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते, त्यावरून ताडून पाहावे. गाठी पांढऱ्या पडल्या तर हे सगळे नत्र दुकानातून आणावे लागेल, दरवर्षी, उधारीवर.

प्रयोगशाळा मिळेपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी वाफसा असताना तुरीची किंवा मुगाची चार झाडे कुदळीने ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. बादलीत हलक्या हाताने धुवा. गाठी ब्लेडने कापून पाहा. आत गुलाबी-लाल असेल तर मजूर कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाहीत. एवढ्यावरून धातूवर खापर फोडू नका. पावसाचा खंड, स्फुरदाची कमी, त्या जातीचे जिवाणू मुळातच नसणे, अशीही कारणे असतात. पण खत टाकलेल्या आणि न टाकलेल्या वावरात फरक दिसला तर माती तपासायला पाठवण्याइतका पुरावा तो नक्कीच आहे.

दुसरी चाचणी कापसाच्या शेतकऱ्याला शोभणारी आहे. शुद्ध सुती कापडाचे सारख्या मापाचे तुकडे घ्या, टेरिकॉट चालणार नाही. पावसाळ्याच्या तोंडी एक या वावरात, एक त्या वावरात, वीतभर खोल पुरा, खुंटी मारून जागा ओळखीची ठेवा. दोन महिन्यांनी उकरा. जिवंत मातीत कापडाच्या चिंध्या झालेल्या असतील. जिथे ते जवळजवळ जसेच्या तसे निघेल तिथे कुजवणारे हात कमी आहेत.

पोळ्याच्या सुमारास होणाऱ्या तालुका बैठकांना येताना प्रत्येक गावाने आपल्या गाठी आणि आपले कापड बरोबर आणावे. त्यावर शेताचा गट नंबर, जमीन हलकी की भारी, आणि गेल्या पाच वर्षांत त्या तुकड्यात काय काय टाकले ते चिठ्ठीवर लिहून बांधावे.